पाण्याखालचा मैल

"अकरा मिनिटं चाळीस सेकंद," टिकारामजींनी तलावाच्या पाळीवरून सांगितलं. एखाद्याच्या दारात जाऊन वाईट बातमी द्यावी, तसा त्यांचा आवाज होता.

ज्याच्यासाठी बातमी होती तो जागेश्वर खाली चिखलात पालथा पडला होता. एक म्हैस आली, तिनं त्याची मान हुंगली आणि आपल्या कामाचं काही नाही असं ठरवून निघून गेली.

"मांगच्या हप्त्यात किती होते जी?" त्यानं चिखलातूनच विचारलं.

"अकरा वीस."

"अन् जूनमंदी?"

"नऊ." टिकारामजी जरा घुटमळले. "जूनचं नोको काढू आता. जूनमंदी तू जवान होता."

शेजारी जांभळीच्या बुंध्याला टेकून धनीराम बसला होता. तो अर्धा मिनिट आधी पोचला होता, म्हणून त्याला निदान बसता येत होतं.

"माहे किती झाले?"

"अकरा दहा."

"म्हंजे मी जरासा कमी म्हातारा झालो," धनीराम म्हणाला.

त्र्याऐंशी सालचा सप्टेंबर संपत आला होता. दहा ऑक्टोबरला हाच मैल मेजरसाहेबांसमोर साडेआठ मिनिटांत धावायचा होता. नाही जमलं, तर नोकरी गेली.

दोघंही चाळिशी ओलांडलेले दरबान होते. लाखनीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, फौजेचा टिनाच्या छपरांचा एक जुना डेपो होता. तिथं तोफा नव्हत्या, बंदुका नव्हत्या. जुने तंबू होते, कंबली होत्या आणि ॲल्युमिनियमचे बारा हजार मग होते. या मगांवर कुठल्या शत्रूचा डोळा असल्याचं कधी ऐकिवात नव्हतं, तरी जागेश्वरनं आणि धनीरामनं एकोणीस वर्षं त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. दोघं एकाच दिवशी लागले होते. सकाळी खाकी घालून दोघांच्या सायकली आंबेटोलीहून जोडीनं निघत, संध्याकाळी जोडीनं परत येत. घरची धानाची शेती जागेश्वरचे भाऊ पाहत. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. तो 'डेपोवाला' होता. खाकी उतरवली तर आत कोण उरतं, हे त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं, आणि आता तपासायची पाळी आली होती.

सगळं झालं एका गोऱ्ह्यामुळं. एप्रिलमध्ये नवे मेजरसाहेब पहिल्यांदाच तपासणीला आले आणि नेमका तेव्हाच एक गोऱ्हा फाटकातून आत शिरला. उन्हात टाकलेली एक कंबल त्याच्या शिंगांत अडकली, डोळ्यांवर आली, आणि आंधळा झालेला गोऱ्हा डेपोभर उधळला. जागेश्वर त्याच्यामागं धावला. पन्नास पावलं धावला आणि मग खाली बसला. गोऱ्ह्यानं साहेबांभोवती दोन चकरा मारल्या आणि फौजेची कंबल घेऊन तो हमरस्त्याकडं निघून गेला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मे महिन्यात नोटीस लागली.

नोटिशीत लिहिलं होतं की, यापुढं प्रत्येक दरबानानं फौजेच्या मापाला उतरलं पाहिजे. मैलभर धावणं, दांडीला लटकून तीनदा हनुवटी वर नेणं, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणं. जो नापास होईल त्याचं नाव कमी होईल आणि त्याच्या कागदावर लाल शाईनं 'अपात्र' असं लिहिलं जाईल. ज्याला आपणहून जमणार नाही असं वाटेल, त्यानं तीस सप्टेंबरपर्यंत अर्ज द्यावा; त्याला हार, चहा आणि एक नवी कंबल देऊन इज्जतीनं निरोप मिळेल.

"तुह्या गोऱ्ह्यानं मारलं गा आपल्याले," धनीराम म्हणाला होता. पण रागानं नाही.

त्या दिवसापासून भीती जागेश्वरच्या पोटात पाहुणी म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली. तो जेवायला बसला की ती आधी जेवायची.

फौज जवळून पाहिलेला माणूस गावात एकच होता, टिकारामजी. सोळा वर्षं ते फौजेत होते. लंगरात, डाळ शिजवायला. पण जवान धावून आल्याशिवाय चहा वाटायचा नाही असा हुकूम असल्यामुळं त्यांनी सोळा वर्षं रोज सकाळी माणसं धावताना पाहिली होती. एवढा अनुभव पंचक्रोशीत कुणाकडं होता? धनीरामचं घड्याळ, सासऱ्यानं लग्नात दिलेलं, त्यांच्या हातात देण्यात आलं आणि तालीम सुरू झाली.

दांडीचा सराव जांभळीच्या फांदीवर ठेवला. पहिल्याच दिवशी जागेश्वर लटकला, फांदी मोडली आणि लाल मुंग्यांच्या घरासकट त्याच्या अंगावर आली. खड्ड्यासाठी धानाच्या एका बांधीच्या कडेचा पाट धरला. जागेश्वर आठ दिवस रोज पाटाच्या मधोमध पडत होता. नवव्या दिवशी तो पलीकडच्या पऱ्ह्यात पडला, धानाची कोवळी रोपं चिरडली गेली आणि शेताचा मालक काठी घेऊन आला. त्या वेळी जागेश्वरनं परत येताना जी उडी मारली, ती टिकारामजींनी मोजली तर अकरा फूट भरली.

"तुले भेव घातलं का तू बराबर चालते," त्यांनी निष्कर्ष काढला.

उडी आणि दांडी तशी जमून गेली. खरा प्रश्न मैलाचा होता.

मैल टिकारामजींनी मे महिन्यातच मोजून ठेवला होता. लाखनीच्या कापडदुकानातल्या गजावर विहिरीचा दोर मापून आणला आणि तलावाच्या पाण्याकाठानं, जांभळीसमोरून सुरुवात करून, सतराशे साठ गज मोजत निघाले. ओल्या मातीत गुडघे दुखत नाहीत, हे त्यांना फौजेतून माहीत होतं. आणि चमत्कार असा झाला की मैल पुरा झाला तेव्हा ते फिरून त्याच जांभळीसमोर उभे होते. एक चक्कर म्हणजे बरोबर एक मैल. टिकारामजींचे डोळे पाणावले. देवानंच इथं मैल आखून ठेवला आहे, असं म्हणत त्यांनी काठाकाठानं चार ठिकाणी पळसाचे खुंटे ठोकले, पाव-पाव मैलाचे.

जुलैत पाऊस लागला, तलाव भरायला लागला आणि एकामागून एक चारही खुंटे बुडाले.

"टिकारामजी, खुंटे दिसत नाई जी आता," धनीराम म्हणाला.

"मंग? खुंटा बुडला म्हून काय मैल बुडते काय? काठाकाठानं धाव, जांभळीपाशी ये. चक्कर थेच हाये."

हे सगळ्यांना पटलं. काठ रोज हात-दीड हात मागं सरकत होता, पण तलाव दर साली असाच भरतो, त्याच्याकडं बघतो कोण? काठाकाठानं धावणारे दोघं काठाबरोबर मागं सरकत गेले. आधी बेशरमाच्या झुडपांपर्यंत, मग झुडपांच्या पलीकडं, मग थेट धानाच्या बांध्यांमधल्या उंच धुऱ्यांवरून. नाला तलावात उतरतो तिथं गुडघाभर पाण्यातून जावं लागे. पायांना जळवा लागत. आणि घड्याळ रोज थोडं थोडं वाईट सांगत होतं. नऊचे साडेनऊ, साडेनऊचे दहा, दहाचे अकरा.

पहिला संशय घड्याळावर गेला. लाखनीच्या घड्याळजीनं ते उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "घड्याळ ठणठणीत हाये. माणूस आणून दाखवा." दुसरा संशय खुराकातल्या अंड्यांवर गेला, अंडी वाढवली. वेळही वाढली. अंडी बंद केली. वेळ वाढतच राहिली. शेवटी संशय घ्यायला जागेश्वरच उरला.

त्याची खात्री पटली की आपण आतून संपत चाललो आहोत. माणूस रोज धावतो आणि रोज हळू होतो, याचा दुसरा अर्थ काय? तो पहाटे उठून छातीवर हात ठेवून ठोके मोजायचा. ठोके मोजताना भीती वाटून ते वाढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागायचे.

"माहे ओठ काळे दिसून राहिले काय व?" तो बायकोला विचारायचा.

पुष्पाबाई चुलीपासून मान न वळवता म्हणायची, "काळेच हायेत. लग्नातबी काळेच होते."

"अन् पाय सुजल्यासारखे?"

"चिखल धुवा, मंग सांगतो."

आणि आता अकरा चाळीस.

त्या दिवशी डेपोच्या रस्त्यावर दोघं सायकली हातात धरून चालत होते. पायडल मारायला पायच उरले नव्हते.

"मी अर्ज देऊन टाकतो गा," धनीराम म्हणाला.

"कायले? अजून दहा-बारा दिवस हायेत."

"दहा दिवसांत अकराचे बारा होतीन. पाह्य, मले नोकरी गेल्याचं काही नाई. पण थे लाल शाई माह्याच्यानं पाह्यवणार नाई. साऱ्यायच्या सामने धावून, पडून, वरून अपात्र. त्याच्यापेक्षा हार घातलेला बरा." थोडं चालून तो म्हणाला, "तूबी दे."

जागेश्वरनं त्याच दिवशी अर्ज लिहिला. दोघांनी एकाच कागदावरून उतरवून घेतला. एकोणतीस तारखेला धनीराम साहेबांच्या खोलीत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. बाहेर येताना तो दारावर क्षणभर टेकला, मग सरळ झाला.

जागेश्वरही गेला. पण दारात साहेबांचा कुत्रा आडवा पडला होता. त्यानं एक डोळा उघडला. जागेश्वर परत आला. दुपारी पुन्हा गेला. आता दोन्ही डोळे उघडे होते. तिसऱ्या खेपेला कुत्रा नव्हता, पण दार बंद होतं आणि आतून साहेब फोनवर कुणाला तरी ओरडत होते. ठोठावायला उचललेला हात त्यानं डोक्यावरून फिरवला, टोपी नीट केली आणि फाटकावर येऊन उभा राहिला. तीस तारीख निघून गेली. अर्ज खिशात घामानं भिजून गेला. राजीनामा द्यायलाही छाती लागते, आणि ती फौजेच्या मापाची त्याच्याकडं नव्हती.

धनीरामला हार घातला, चहा पाजला, कंबल दिली. त्या संध्याकाळी तो कंबल कॅरिअरला बांधून जागेश्वरच्या बाजूनं सायकल चालवत घरी आला. दुसऱ्या दिवसापासून जागेश्वर एकटा जायला लागला. टिकारामजींकडं धनीरामचं घड्याळ नव्हतं आता, म्हणून वेळ कुणी मोजली नाही. जागेश्वरला तेवढंच बरं वाटलं. तो डोळे मिटून नाला ओलांडायचा आणि धावायचा. धावला नाही तर भीती एका जागी बसून जास्त खायची.

दहा तारखेला डेपोच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. चार चकरा म्हणजे मैल. दांडी आणि उडी उरकून सात दरबान रांगेत उभे होते. घराबाहेर पडताना जागेश्वरनं पुष्पाबाईला कपाटाची चावी कुठं आहे ते सांगितलं होतं, गाय कुणाला द्यायची तेही सांगितलं होतं. तिनं डबा हातात दिला होता. "आल्यावर सांगा थे गाईचं."

शिट्टी झाली.

पहिल्या चकरेतच जागेश्वरच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर बिघडलं आहे. पाय जड होत नव्हते. खाली चिखल नव्हता, पाणी नव्हतं, जळवा नव्हत्या. कोरड्या कडक जमिनीवर पाय नुसते उचलले जात होते. जीव जायच्या आधी शरीर हलकं होतं, असं त्यानं ऐकलं होतं. तो घाबरला, आणि घाबरल्यावर जे त्याचं नेहमी व्हायचं तेच झालं. दुसऱ्या चकरेत त्यानं पुढच्या तिघांना मागं टाकलं. तिसऱ्या चकरेत सगळ्यांनाच टाकलं. पुढं कुणी दिसेना, तेव्हा तो आणखी घाबरला.

चौथी चक्कर संपली. घड्याळवाला हवालदार ओरडला, "बस, दरबान, हो गया."

जागेश्वर थांबला नाही. मैल कसा असतो ते त्याला ठाऊक होतं. मैलात मरण डोळ्यांसमोर येतं, तोंडात रक्ताची चव येते, मग जांभूळ दिसते. इथं त्यातलं काहीच झालं नव्हतं. हे लोक अर्ध्यातच थांबवून नापास करतील म्हणून तो धावत राहिला. पाचव्या चकरेत दोन जवान त्याच्यामागं पाठवावे लागले. त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून साहेबांसमोर आणला तेव्हाही त्याचे पाय चालूच होते.

"सात मिनट अठावन," हवालदार म्हणाला.

साहेबांनी जागेश्वरकडं निरखून पाहिलं. बहुतेक गोऱ्हा आठवला असावा. "अच्छा," ते म्हणाले. "अब फाटक बंद रखना."

संध्याकाळी तो घरी न जाता सरळ तलावावर आला. पुष्पाबाई पाळीच्या पायरीवर कपडे धूत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाईचं काय ठरलं मंग?"

"पास झालो." तो तिच्याजवळ उकिडवा बसला. आवाज त्यानं खाली आणला. "पण काहीतरी गफलत हाये व. सरकारचा मैल लहान भरला. त्यायच्या ध्यानात आलं का पुन्हा धाववतीन."

"लहान कसा भरन?"

"भरला. आपला मैल सरता सरत नाई. थो झटकन सरला."

पुष्पाबाईनं लुगड्याचा पिळा घातला आणि तो हातातच राहिला. "मे महिन्यात मी धुणं कुठं धुवत होती?"

"गोट्यावर."

"थो गोटा कुठं हाये आता?"

जागेश्वरनं पाहिलं. पाळीपासून चांगलं पन्नास-साठ पावलं आत, जिथं गोटा असायला हवा होता तिथं एका पाणकावळ्यानं बुडी मारली आणि बऱ्याच वेळानं तो दुसरीकडं वर आला.

"पानी वाढलं, काठ मांगं सरला," पुष्पाबाई म्हणाली. "तुमी काठाकाठानंच धावत होते ना? तुमचा मैल दीड मैल झाला."

त्यानं नजरेनंच काठाची एक चक्कर मारली, पार जांभळीपर्यंत. मग म्हणाला, "आधी काहून नाई सांगितलं?"

"मले काय माहीत तुमी मैल मोजून राहिले? मले वाटलं, व्यायाम करून राहिले."

त्याला हसू येणार होतं. ते गळ्यापर्यंत आलंही. पण तेवढ्यात पाळीवरून धनीराम येताना दिसला, आणि जागेश्वरच्या पोटातली भीती, जी दुपारी मैदानावर त्याला सोडून गेली होती, ती परत येऊन आपल्या जागी बसली. धनीराम रोज त्याच्यापेक्षा अर्धा मिनिट आधी जांभळीपाशी पोचत होता.

"त्याले सांगान?" पुष्पाबाईनं हळूच विचारलं.

धनीराम जवळ आला. "काय झालं गा? पडला काय?"

"पडलो," जागेश्वर म्हणाला. "चौथ्या चकरेत पडलो. दोघा जवानायनं धरून आणलं. साहेबाले कीव आली, पास लिहिलं."

"धरून आणलं?"

"इथं अन् इथं धरून. सारे हासत होते."

धनीरामनं मान हलवली. त्याचे खांदे जरा खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. "बरं झालं मंग मी नाई आलो. माह्यानं थे झालं नसतं." मग त्यानं जागेश्वरच्या पाठीवर हात ठेवला. "पण तुही नोकरी राह्यली. चांगलं झालं."

पुष्पाबाईनं लुगडं पुन्हा पाण्यात घातलं. ते आधीच धुऊन झालेलं होतं.

टिकारामजींनी हिवाळाभर आपल्या तालमीची कीर्ती सांगितली आणि श्रेय अंड्यांना दिलं. जागेश्वर ऐकून घ्यायचा. पण फेब्रुवारीपासून त्याचं लक्ष तलावाकडं लागलं. पाणी उतरत होतं. मार्चमध्ये बेशरमाची झुडपं कोरडी पडली. एप्रिलमध्ये धुण्याचा गोटा वर आला. डेपोच्या फाटकावर उभं असताना त्याला एकच दिसायचं: पाण्याबाहेर आलेले चार खुंटे, आणि ते पाहत पाळीवर उभा असलेला धनीराम. खुंट्यांपासून जांभळीपर्यंत, म्हणजे पावसाळ्यातल्या काठापर्यंत, ज्याला नजर टाकता येते, त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मे महिन्यातल्या एका पहाटे, दिसायला लागताच, तो ड्युटीची खाकी घालून तलावावर आला. खुंटे उपटून नाल्यात फेकायचे आणि तसंच सायकलवर बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

जांभळीसमोरचा पहिला खुंटा त्याला सापडला नाही. जिथं तो होता तिथं एक भोक होतं, ताजं, कडेची माती अजून ओली. तिथून काठाकाठानं उमटलेले पाय निघाले होते. अनवाणी, लांब लांब पडलेले, चवडे खोल रुतलेले. चालत्या माणसाचे पाय असे पडत नाहीत. जागेश्वर त्यांच्या बाजूबाजूनं चालत गेला. दुसरं भोक. तिसरं. चौथं. पाय कुठंही थांबले नव्हते, पडले नव्हते. पुरी चक्कर मारून ते जांभळीखाली परत आले होते. त्यांच्यावरून दुसरे पाय गेले होते, त्याच माणसाचे, पण हे जवळजवळ, सावकाश. खुंटे गोळा करत फिरलेले.

जांभळीच्या बुंध्याला टेकून धनीराम बसला होता. मघाशी जाताना बुंध्याआडच्या अंधारात तो दिसला नव्हता. बनियन पाठीला चिकटलेलं. शेजारी पळसाचे चार खुंटे सुतळीनं बांधून ठेवलेले.

"इतक्या सकाळी?" जागेश्वर म्हणाला.

"चुलीले लाकडं नोव्हते." त्यानं उठून मोळी उचलली. "जाय, ड्युटीले उशीर होईन तुले."

काहीतरी बोलायला हवं म्हणून जागेश्वरनं विचारलं, "किती वाजले?"

धनीरामची मूठ मिटलेली होती. मुठीतून घड्याळाचा पट्टा बाहेर लोंबत होता.

"बंद पडलं थे," तो म्हणाला. "कवाचंच."

सकाळी तलावावर माणसं यायच्या आधी फार शांतता असते. दोघं तिथंच थोडा वेळ उभे राहिले, आणि मुठीतली टिकटिक दोघांनाही ऐकू येत राहिली.